मुशीच्या तेलाची मोटार

हर्णे बंदरात मजीद नाखवासारखा चिडका माणूस नव्हता, आणि त्याच्यासारखा निगुतीचा माणूसही नव्हता. नाखवा म्हणजे गलबताचा धनी नि कप्तान, दोन्ही. 'रहमती' हे त्याचं गलबत. मंगळुरी कौलं, मीठ, लाकूड, मिळेल ते भाडं घेऊन ते वेंगुर्ल्यापासून मुंबईपर्यंत जायचं. त्याच्या वयाची बाकीची गलबतं केव्हाच चुलीत जळून गेली होती. रहमतीची फळी मात्र बोटानं वाजवली तर अजून टणटण बोलायची. कारण मजीदच्या हातांना खोडच होती. सैल दोरी दिसली की ते आवळणार, गंजका खिळा दिसला की घासणार. मग ती दोरी दुसऱ्याच्या म्हशीची का असेना! एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या सदऱ्याचं लोंबतं बटण बघून त्याला घास गिळवेना. त्याची बायको हफीजा आल्यागेल्याला सांगायची, "ह्यांच्याजवळ फार वेळ बसू नका, तेल लावून ठेवतील."

त्याला दोन मुली. थोरलीचा नवरा आगबोटीवर नोकरीला. वर्षातून एकदा यायचा, साबणाच्या वड्या नि अत्तराची बाटली द्यायचा आणि पोरं जरा कुठं ओळखायला लागली की परत जायचा. मजीदला ते फार लागायचं. मुलगी काही बोलायची नाही, म्हणून तर जास्तच लागायचं. धाकट्या मैमुनाचं असं होऊ द्यायचं नाही, हे त्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं.

पण मैमुनाचं मन बसलं होतं हमीदवर, आणि हमीद निघाला आगबोटीवरचाच. इंजिनाच्या खोलीत तेल घालायचं त्याचं काम. आईबाप लहानपणीच गेलेले, खालेनं, म्हणजे दापोलीच्या मावशीनं, वाढवलेला, कामाचा, निर्व्यसनी. पोरात नाव ठेवायला जागा नव्हती. मजीदनं त्यावर तोड काढली. रहमतीतला त्याचा भागीदार म्हातारा झाला होता आणि आपली चौथाई विकायला निघाला होता. हमीदनं साठवलेल्या पगारातून ती चौथाई घ्यायची, आगबोट सोडायची, रहमतीवर यायचं आणि मैमुनाशी निकाह लावायचा. असं सगळं छान जुळवलेलं होतं. हमीदही "हो चाचा" म्हणाला होता. "हो चाचा" म्हणताना तो कुठं बघत होता, हे तेवढं मजीदनं बघितलं नाही.

एकतीस सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुंबईची आगबोट बंदराबाहेर उभी राहिली. हर्ण्याला आगबोट काठाला लागत नसे. माणसं नि माल पडावातून, म्हणजे मोठ्या होड्यांतून, काठावर यायचा. त्या दिवशी मालाच्या पडावावर मजीद स्वतः होता आणि त्याचा जुना खलाशी बाबल्या होता. वरून कुणीतरी ओरडलं, "दोन पडाव एकत्र बांधा, वर फळ्या टाका, मोटार उतरायचीय!"

"कोणाची रे मोटार? मामलेदाराची?" मजीदनं विचारलं.

वरच्या कठड्यावरून हमीदचं हसरं तोंड बाहेर आलं. "माझी, चाचा!"

मोटार दोरांवरून खाली येऊन फळ्यांवर टेकली आणि मजीदनं आपल्याच हातांनी ती बांधली. करतो काय! दोनच माणसं बसतील एवढी जागा, पोट जमिनीला टेकल्यासारखं, रंग पोपटी. पुढचं नाक लांबलचक, आणि मागचा भाग निमुळता होत होत टोकाला गेलेला. बाबल्यानं डोकं खाजवलं. "नाखवा, ही तर होडीच हाय. उलटी चाललीय, एवढंच."

काठावर सगळं हर्णे लोटलं होतं. हमीद सांगत होता की विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबानं ती मातीमोल विकली. केवढ्याला, ते मजीदनं त्याला बाजूला घेऊन विचारलं. आकडा ऐकला आणि तो तिथेच दोराच्या वेटोळ्यावर बसला. रहमतीची चौथाई बरोबर तेवढीच होती.

"अरे, काय केलंस हे? गलबत वारा खातं. वारा फुकट असतो. ही पेट्रोल पिणार, आणि ते डब्यातनं दापोलीहून आणायचं! गलबत तुझं पोट भरतं. हिचं पोट तूच भरायचं! आज घेतलीस, उद्या अर्ध्या किमतीला कुणी घेईल काय?"

"नाय घेणार," हमीद प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग?"

"चाचा, तीन वर्षं मी इंजिनाच्या खोलीत होतो. समुद्रावर राहून समुद्र दिसत नाय तिथनं. दिसतो फक्त कोळसा नि घाम. ही बघितली आणि वाटलं, एकदा तरी वाऱ्यात बसून इंजिन चालवावं."

मजीदला ते कळलं. कळलं म्हणून तर तो आणखी भडकला. "आणि दोनच माणसांची! संसारात माणसं किती असतात रे?"

"सुरुवातीला दोनच असतात, चाचा."

बाबल्या फसकन हसला आणि मजीदनं बघितल्यावर खोकायला लागला.

आता खरी गंमत पुढेच आहे. हमीदच्या हर्ण्यातल्या घराकडे रस्ताच नव्हता! होती ती पाखाडी, चिऱ्यांच्या पायऱ्यांची चढण. तिच्यावरून बकरीसुद्धा विचार करून चढते. तरुण वयात माणसाला मोटार दिसते, रस्ता दिसत नाही. ती ठेवण्याजोगी सपाट मोकळी जागा सगळ्या मोहल्ल्यात एकच, मजीदची माडांची वाडी. पावसाळ्यात रहमती तिथेच वर ओढून ठेवत. हमीद मान खाली घालून दारात येऊन उभा राहिला.

मजीदनं जागा दिली, पण ओटीवर चार माणसांसमोर बजावलं, "पावसाळा सरून रहमती पाण्यात उतरायच्या आत ही मोटार विकलेली पायजे. पैसे येतील तेवढे घे आणि चौथाईला लाव. कमी पडले तर मी बघीन. पण तुझी मोटार दारात असेपर्यंत निकाहाचं नाव काढायचं नाय. माझा शब्द हाय हा!"

मजीदचा शब्द म्हणजे बंदरावर दगडावरची रेघ. आत दाराआड मैमुना उभी होती. तिनं खिडकीतून वाडीतल्या मोटारीकडे बघितलं. एका जागेवर हमीदची टोपी पडली होती. दुसरी जागा रिकामी होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि भात करपल्याचा वास आल्यावर आत गेली.

सुट्टी संपली आणि हमीद आगबोटीवर परतला. पावसाळ्याला थोडेच दिवस राहिले, तेव्हा रहमती वाडीत ओढली. भागीदार थांबायला तयार नव्हता, म्हणून त्याची चौथाई मजीदनं स्वतःच घेऊन ठेवली होती. जावयासाठी ठेवली होती, पण तसं तो कुणाला म्हणाला नाही. गलबत ओंडक्यांवर नीट बसवलं, वर माडाच्या विणलेल्या झापांचं छप्पर घातलं. शेजारी हमीदनं आपल्या मोटारीवर घातलेली झापं होती. ती बघून मजीदच्या कपाळाची शीर उठायची.

"ही काय गाठ म्हणायची? आगबोटीवरचा माणूस, त्याला गाठ कुठनं यायची! पहिल्या वाऱ्याला झापं खाडीपलीकडं जातील. जाऊ देत. मला काय त्याचं!"

चार पावलं घराकडे गेला, परत फिरला आणि सगळ्या गाठी सोडून नव्यानं मारल्या. दुसऱ्या दिवशी त्याला दिसलं की चाकं चिखलात रुतताहेत. "रुतू देत," म्हणाला, आणि बाबल्याला हाताशी घेऊन मोटार ओंडक्यांवर चढवली. बाबल्या तोंड मिटून काम करत होता. मजीद म्हणाला, "हसायचं काम नाय. उद्या विकायचीय ती. माल चांगला राहिला पायजे."

मग एका दुपारी त्याला पुढच्या दिव्याच्या कडेवर तांबूस ठिपका दिसला. खाऱ्या वाऱ्यानं आपलं काम सुरू केलं होतं. गंज! आता ह्यावर उपाय काय? हर्ण्यात शेंबडं पोरही सांगेल. मुशीचं तेल. मुशी मासा कापला की त्याच्या काळजाचं तेल काढून ठेवतात आणि पावसाळ्याआधी होडीच्या अंगाला चोळतात. लाकडाला पाणी लागत नाही, खिळ्याला गंज चढत नाही. रहमती त्याच तेलावर जगली होती. मजीदनं डबा आणला, चिंधी घेतली आणि मोटारीला तेल लावायला बसला.

दिवे, पत्रा, चाकांच्या तारा, सगळं त्यानं प्रेमानं... छे, प्रेमानं कसं म्हणायचं, रागारागानंच चोळलं. डबा संपला. तो उठणार होता, तेवढ्यात त्याला गुडघ्याशी दुसरा भरलेला डबा दिसला. मग काय, हात थांबलेच नाहीत. बसायच्या जागांचं कातडं कोरडं वाटलं. कातडं कोरडं राहिलं तर तडकतं, म्हणून त्याला तेल. वरचं कापडी छत शिडाच्याच कापडाचं, त्याला तेल. मोटार वळवायच्या चक्राला तेल, पायाखालच्या फळीला तेल. संध्याकाळी मोटार अशी चमकत होती, की रहमतीला हेवा वाटावा.

हफीजा नाकाला पदर लावून बाहेर आली. "अहो, केलंत काय हे? साऱ्या गावची मांजरं जमलीत वाडीत!"

"तेलाला वास असतोच," मजीद म्हणाला. "वारा लागला की जातो." त्याला खरंच वास येत नव्हता. जन्मभर ज्या वासात माणूस जगला, तो त्याला येईल तरी कसा? पावसाळाभर, आठवड्याला एकदा, त्यानं तेलाचा हात चुकवला नाही.

नारळी पुनव झाली, समुद्र शांत झाला आणि मासेमारी सुरू झाली. रहमती उधाणाच्या भरतीला पाण्यात जायची होती. हमीद रजा काढून आला. येतानाच गिऱ्हाईक ठरवून आला होता, खेडचा लाकडाचा व्यापारी आप्पाशेट. त्यानं मोटारीचं वर्णन ऐकूनच हो म्हटलं होतं. हमीदनं झापं काढली, मोटार बघितली आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मजीदला वाटलं पोरगा आनंदानं रडतोय. हमीद फक्त एवढंच म्हणाला, "चाचा, गंजाचा ठिपका नाय हो कुठं."

"मग!" मजीद म्हणाला.

आप्पाशेट पांढरंशुभ्र धोतर नेसून आला. माळकरी माणूस, माशाचं नाव काढलं तरी चूळ भरणारा. रंग बघून खूश झाला, नाक बघून खूश झाला, ऐटीत आत बसला. बसला तो तसाच थांबला. मग हळूहळू त्याचे डोळे मोठे झाले. एक मांजर त्याच्या मांडीवर चढलं. आप्पाशेट किंचाळून उठला, तेव्हा मागून धोतर पार तेलकट पिवळं झालं होतं.

"मोटार आहे का माशाची पेटी? ह्यात बसून मी देवळात जाऊ?"

"धुतल्यावर जाईल, शेट," हमीद म्हणाला.

"जन्मात जाणार नाही! मोटार राहू दे तुम्हाला. माझ्या धोतराचं काय ते सांगा!"

शेट टांग्यात बसून निघून गेला. दापोलीपर्यंत तो वाटेत सगळ्यांना सांगत गेला असणार, कारण नंतर एक माणूस मोटार बघायला फिरकला नाही. आणि रहमतीची भरती उद्यावर आली.

मजीद ओटीवर बसून राहिला. आता करायचं काय? शब्द त्याचाच होता, चार माणसांत दिलेला. मोटार विकायची अट त्याची, आणि मोटार विकली जाऊ नये अशी करून ठेवली तीही त्यानंच! हमीदनं एका शब्दानं दोष दिला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण तो म्हणाला, "चाचा, तुम्ही जपलीत, आणखी काय करायचं माणसानं? आमचंच नशीब. परवाच्या आगबोटीनं जातो मी." तो कामावर परत जाणार आणि मैमुना अशीच खिडकीशी उभी राहणार. थोरलीसारखीच. मजीदला ते बघवणार नव्हतं, आणि शब्द मागे घेणंही त्याच्यानं होणार नव्हतं. त्याला आपल्या हातांचा भयंकर राग आला. त्यानं हात मांडीखाली दाबून ठेवले.

दुपार कलली. किनाऱ्यावर होड्या लागल्या आणि माशांच्या लिलावाचा गलका वर ओटीपर्यंत यायला लागला. मजीद तो ऐकत होता. ऐकता ऐकता ताठ बसला.

"हमीद! मोटार काढ. खाली वाळूवर घे."

"कुठं, चाचा?"

"लिलावात!"

ओल्या कडक वाळूवरून मोटार फटफट करत खाली आली आणि सुरमई-पापलेटांच्या राशींच्या मधोमध उभी राहिली. हर्णेकरांनी लिलावात काय काय बघितलं असेल, पण मोटार बघितली नव्हती. मजीदनं पुकारणाऱ्याला दटावलं, "बघतोस काय? लाव बोली. माल काठावर आलाय."

पुकारणारा बिचारा गांगरला. "ही... ही एक मोटार! बोला!"

मासळीवाल्या येसूबाईनं पुढं होऊन नाक लावलं, आणि माशाचे कल्ले बघावे तसं मोटारीचं झाकण उघडून आत डोकावली. "ताजी नाय वाटत, नाखवा. वास येतोय." सगळी वाळू हसली. "एक टोपली बांगडे!"

"एक टोपली बांगडे!" पुकारणारा ओरडला. "आणखी कोण?"

"बांगडे नि वर दोन पाट्या खारवलेली मासळी," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. हमीद चक्रावर हात ठेवून खाली मान घालून बसला होता. त्याची ती लाडकी मोटार, आणि तिला ही बोली! मजीद पुढं झाला. त्यानं मोटारीवर हात ठेवला. तो हसत नव्हता.

"रहमतीची चौथाई," तो म्हणाला.

पुकारणाऱ्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणालात?"

"कान गेले काय तुझे? माझ्या रहमतीतला चौथा वाटा. माझी बोली. चढा कुणी वर चढायचं तर!"

बाबल्यानं कपाळावर हात मारला. "नाखवा, खुळावलात काय?"

"गप रे. नाखवाच्या हातनं माल खराब झाला तर तो नाखवाच्या गळ्यात पडतो. बंदराचा कायदा हाय, माझा नाय." मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रहमती अजून वाडीत हाय, पाण्यात उतरलेली नाय. त्याच्या आत मोटार विकली गेली. माझा शब्द पुरा झाला की नाय?"

"झाला, झाला!" येसूबाई सगळ्यात आधी ओरडली. "घेतले माझे बांगडे परत!"

हमीद खाली उतरला. बाहीनं डोळे पुसायला लागला. मजीदनं त्याच्या पाठीवर थाप मारली, सदऱ्यावर तेलाचा पंजा उमटला. "रडतोस काय? उद्या भरतीला वेळेवर ये. चौथाईवाला भागीदार तू, झोपून राहशील तर कानफटीन."

हमीद आगबोटीवर परत गेला नाही.

निकाह पुढल्याच महिन्यात लागला. तोपर्यंत मजीदला मोटारीची गोडी लागली होती. मोटार आता त्याची ना! रोज संध्याकाळी हमीदला चालवायला बसवायचा आणि आपण शेजारी बसून जवळच्या मुरुडच्या वाळूवरून फिरून यायचा. गार वारा तोंडावर आला की डोळे मिटायचा. "जरा शीड कमी कर रे," म्हणायचा, म्हणजे हमीदनं वेग कमी करायचा. पाठवणीच्या दिवशी नवरानवरी दापोलीला हमीदच्या खालेकडे जायची होती. मोटार फुलांनी सजवून दारात उभी केली. हमीद चक्रामागं बसला. मजीद सवयीनं गेला आणि शेजारी जाऊन बसला. माणसं उभी राहिली. मजीद समोर बघत निवांत बसला होता.

चादरीआडून मैमुनाचा आवाज आला. "बावा, उतरा."

मजीदनं चमकून बघितलं. मग त्याच्या लक्षात आलं. तो उतरला. उतरून आपल्या खांद्यावरच्या पंच्यानं ती जागा त्यानं पुसली. परत पुसली. पुसण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तरी तो पुसत राहिला. शेवटी हफीजानं त्याचा हात धरून त्याला बाजूला घेतलं. मोटार गेली, आणि मागं चार मांजरं धावली. मजीद रडला. उघडउघड रडला, आणि धुरानं डोळे चुरचुरताहेत वगैरे काही म्हणाला नाही.

पुढं मोटार फार चालली नाही. चढणीवर दम टाकायची, सुटे भाग मुंबईहून मागवावे लागायचे. पाचव्या पावसाळ्यापर्यंत ती वाडीत कायमची बसली. बंदरावरची तरणी पोरं मजीदला मुद्दाम छेडायची, "नाखवा, तरुणपणी मोटार घेणं बरं की वाईट?"

"वाईट!" मजीद कडाडायचा. "शुद्ध खुळेपणा! पैसा पाण्यात! कुणी घेतलीत तर तंगडी मोडीन." आणि पोरं पांगायला लागली की हळूच म्हणायचा, "पण घ्यायचीच असेल तर तरुणपणीच घ्या. माझं बघा, उतरताना गुडघे धरतात."

रहमती मात्र चालत राहिली. हमीद दर फेरीनंतर घरी यायचा, आणि त्याच्या पोरांनी बापाला ओळखायला कधी वेळ लावला नाही.

असाच एक उन्हाळा संपत आला होता. रहमती ओंडक्यांवर होती आणि शेजारी बंद पडलेली पोपटी मोटार. मजीद आता म्हातारा झाला होता, तरी दोघींना तेलाचा हात देतच होता. मैमुना बाळंतपणाला माहेरी आली होती. डबा संपला तशी ती दुसरा घेऊन आली नि त्याच्या गुडघ्याशी ठेवला. मजीदचा हात थांबला. त्यानं डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मैमुना," तो म्हणाला, "त्या पहिल्या वर्षी दुसरा डबा असाच माझ्याजवळ आला होता. मी काय मागितला नव्हता गो."

"नव्हता मागितला," मैमुना म्हणाली.

"तुला ठाऊक होतं आप्पाशेटासारखं कुणी घेणार नाय म्हणून?"

"नाखवाच्या हातनं माल खराब झाला तर तो नाखवाच्याच गळ्यात पडतो, हे ठाऊक होतं," ती हसून म्हणाली, आणि त्याच्या हातातली चिंधी घेऊन तेलात बुडवून परत त्याच्या हातात दिली. मग चहा टाकायला आत गेली. मजीद पुन्हा मोटारीला तेल चोळायला लागला.